देवीने गोळी सोडू दिली नाही

त्या वर्षी वैशाखात आमच्या घरची सगळी माणसं पडवीत झोपायची आणि मी मात्र आत चुलीजवळ, अंगावर घोंगडं घेऊन. रामनगरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना हे ऐकून हसू येईल. दुपारी गोव्याच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं, ट्रकवाले झाडाखाली गाड्या लावून उघड्या अंगाने पडायचे, आणि माझ्या हातापायांना ऊब म्हणून नव्हती. तोंड सुजल्यासारखं दिसायचं. विंचरताना केसांचे पुंजके हातात यायचे. बसल्या जागी डोळा लागायचा. एवढ्याचं मी काही मानलं नसतं. संसारात बाईच्या अंगाच्या कुरकुरी कोण मनावर घेतं. पण माझा आवाज गेला, आणि मी हादरले.

माझ्या यजमानांची बसस्टँडजवळ पिठाची गिरण होती. दळण घेऊन आलेल्या बायका नंबर येईपर्यंत ताटकळायच्या, तेव्हा त्यांच्यासाठी मी ओव्या म्हणायचे. गिरणीचा पट्टा फटफटत असला तरी माझी ओवी रस्त्यापलीकडे ऐकू जाते, असं हे कौतुकाने सांगायचे. दर शुक्रवारी सातेरीच्या देवळात बायकांचं भजन असायचं आणि तिथे पहिला सूर माझा. त्या चैत्रातल्या एका शुक्रवारी मी तोंड उघडलं आणि आतून जाडसर, फाटका, घोगरा आवाज आला. एखादा म्हातारा गळ्यात येऊन बसल्यासारखा. बायकांना वाटलं, पडसं झालं असेल. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मग दुसऱ्या एकीने पहिला सूर धरला आणि मी मागे बसून नुसता टाळ वाजवला. देवीकडे बघायचंही मला जड गेलं. एवढी एकच गोष्ट तू मला दिली होतीस, ती का काढून घेतलीस, असं मनात आलं आणि त्या विचाराची माझी मलाच भीती वाटली.

भीती वाटण्यासारखं मागे बरंच घडलं होतं. मुलीच्या जन्मानंतर मी आजारी पडले होते. तेव्हा कुणी त्याला आजार म्हटलं नाही. झोप उडाली, भूक गेली, आणि डोक्यात असा काही उजेड पडला की माझ्या पलीकडे मला काही दिसेनासं झालं. पहाटेच उठून मी बाजारातून गात हिंडायचे. ट्रंकेतली लुगडी भेटेल त्या बाईच्या हातात द्यायचे. लोकांना वाटलं, देवी अंगात आली. बायका ओटी घेऊन आल्या, पाया पडल्या. कुणाची म्हैस हरवली होती, कुणाच्या लेकीचं लग्न जुळत नव्हतं; मी सगळ्यांना उत्तरं दिली. मलाही खरंच वाटायचं की माझ्या तोंडून सातेरीच बोलते आहे. मग तो उजेड विझला, आणि असा विझला की मी कित्येक आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एकदा विहिरीच्या काठापर्यंत गेले. यजमान मागून आले, हात धरून मला घरी आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी कुणाला न विचारता बेळगावला मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्या डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या. म्हणाले, "हा एक क्षारच आहे, मिठाच्या जातीचा. तुमचं मन कधी आभाळाला जातं, कधी पाताळात. या गोळीने ते जमिनीवर राहील." आणि खरोखरच राहिलं. त्या गोळ्यांनी मला माझं घर परत दिलं, माझी मुलगी माझ्या मांडीवर परत दिली. चार-पाच वर्षं मी चारचौघींसारखी जगले. फक्त एक काटा आत राहून गेला. देवीसमोर गाताना डोळे भरून आले की मनात पाल चुकचुकायची. हे भक्तीचं पाणी की आजाराचं? तेव्हाही असंच भरून यायचं, तेव्हाही असंच वाटायचं की ती इथे आहे. म्हणून मी जपून गायचे. आनंद थोडा जास्त झाला की लगाम खेचायचे. देवीशी माझं नातं असं झालं होतं, जसं एखाद्या घरात आपण पाय वाजू न देता वावरतो.

घरात यजमानांची आत्या होती. लहानपणी आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. सगळं गाव तिला आत्ती म्हणायचं. त्यांचं मूळ गाव काळी नदीच्या धरणाखाली गेलं तेव्हा घरातल्या भांड्याकुंड्यांची पर्वा न करता देवीच्या पालखीमागून अनवाणी रामनगरला आलेली ती बाई. तिच्या भक्तीत खोट नव्हती, म्हणूनच तिचं बोलणं लागायचं.

"आगं, देवी तुझ्या अंगात येत हुती," ती म्हणायची. "तू तिला इंग्रजी औषध घालून भाईर काढलीस. मग ती आपला गळा तुझ्यापाशी कशाला ठेवील? फेकून दे त्या गोळ्या. तिच्या पायाशी पड."

हे तिला गप्प करायचे. पण रात्र झाली की तिचे शब्द माझ्याच आवाजात मला ऐकू यायचे. शिवाय मला वाटत होतं की जुनं दुखणंच परत येतं आहे, ते पाताळाकडचं. तसंच जडपण, तशीच झोप. मग गोळ्यांचा उपयोग तरी काय राहिला? बरी झाल्यापासून डॉक्टरांकडे माझं जाणंही सुटलं होतं. गिरण सोडून दिवसभराचा प्रवास जमायचा नाही. खानापूरचा माझा भाऊ बेळगावला गेला की गोळ्या आणून द्यायचा आणि मी त्या घ्यायचे, इतकंच.

आणि एक दिवस गिरणीत ते घडलं. यजमान बाहेर कुणाचं पोतं उतरवून घेत होते, म्हणून मी चाळणीजवळ बसले होते. कधी डोळा लागला कळलं नाही. मान खाली गेली, खांद्यावरचा पदर सरकला आणि फिरत्या पट्ट्यात ओढला गेला. मला जाग आली ती गळ्याला बसलेल्या हिसक्याने. बायका ओरडल्या. यांनी धावत येऊन एका हाताने मला मागे खेचलं आणि दुसऱ्या हाताने गिरण बंद केली. लुगडं खांद्यापासून फाटलं होतं. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, पण हे पिठाने पांढरे झालेले तसेच जमिनीवर बसकण मारून बसले. विहिरीच्या वेळीही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आत्ती म्हणाली, "आता देवीलाच विचारूया. कौल लावूया. ती सोड म्हणाली तर सोडायच्या गोळ्या, न्हाई म्हणाली तर मी परत तोंड उघडणार न्हाई." यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला "सोड" हेच उत्तर हवं होतं. मी थकले होते. सगळं देवीच्या पायावर टाकून मोकळं व्हावं, मग ती तारो की मारो, असं वाटत होतं. आणि यालाच शरण जाणं म्हणतात, अशी माझी समजूत होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. आमच्या भागात कौल कसा लावतात ते माहीत नसलेल्यांसाठी सांगते. गुरव देवीच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव म्हातारा होता, मला लग्न होऊन आल्यापासून ओळखत होता. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "आई सातेरी, ही तुझी लेक दुखण्यानं दमली हाय. डॉक्टरच्या गोळ्या सोडते म्हणते. सोडू देत असशील तर उजवा दे. सोडू देत नसशील तर डावा दे. लेकराला फसवू नको."

आम्ही वाट बघत राहिलो. समईची वात तेवढी हलत होती. मी उजव्या पाकळीवरून नजर काढली नव्हती. ती ओली होती, सरकल्यासारखी वाटत होती, मनातल्या मनात मी तिला खाली ओढत होते. आणि डावी पडली. पाकळी पडल्याचा आवाज होत नाही, पण मला तो झाल्यासारखा वाटला.

"न्हाई म्हणती आई," गुरव म्हणाला.

आत्ती पुढे झाली. मग तिने पदर पसरून नमस्कार केला. मला मात्र रडू आलं. नाही, हे ठीक. पण मग काय करू? कौलात तेवढंच विचारता येतं, हो की नाही. पुढचं देवी सांगत नाही. मी खांबाला टेकून उभी होते आणि इतकं एकटं मला विहिरीच्या काठावरही वाटलं नव्हतं.

गुरव तीर्थ द्यायला आला. मी ओंजळ पुढे केली, मान मागे टाकून तीर्थ घेतलं. शेजारी एक अनोळखी बाई उभी होती, पन्नाशीच्या पुढची, नाकात मोठी चमकी. देवीची काही कुळं गोव्यात फोंड्याकडे आहेत, त्यांपैकी ती असावी. हातात ओटीचं ताट होतं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"बाय, रागावू नको हां," ती कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाली. "आणखी एक घोट घे बघू."

मला कळेना, पण गुरवाने परत पळीभर तीर्थ घातलं आणि मी ते गिळलं.

"तुझ्या गळ्यात गाठ आहे. गिळताना वर-खाली होते. तुला ठाऊक आहे?"

मी गळ्याला हात लावला. मंगळसूत्र हल्ली घट्ट होतं म्हणून मी ते सैल करून घेतलं होतं, पण त्यापुढे विचार गेला नव्हता. त्या बाईने आपल्या गळ्यातली माळ वर उचलली. खाली बारीक, पांढुरका वण होता, दोऱ्यासारखा. "माझी तर लिंबाएवढी झाली होती. कापून काढली," ती म्हणाली. मग तिने मला एकेक विचारायला सुरुवात केली. थंडी वाजते? झोप पुरत नाही? केस जातात? तोंड सुजतं? आवाज असाच होता की आता बसला? आमच्या घरात राहून गेल्यासारखे तिचे प्रश्न होते. मी प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते आणि आत्ती माझ्या बाजूला उभी राहून ऐकत होती.

"हे गळ्याचं दुखणं दिसतं, बाय. माझंही लोकांनी मनावर ढकललं होतं," ती म्हणाली. "तुझ्या गोळ्यांचं मला काही कळत नाही. तू डॉक्टरला गळा दाखव. एवढं कर."

तिची गोव्याची बस यायची होती. तोवर ती माझ्याजवळ पायरीवर बसली आणि माझे दोन्ही हात तिने आपल्या हातांत धरून ठेवले. "किती गार आहेत," एवढंच म्हणाली. बस आली तशी ताट सावरत उठली, देवीकडे वळून नमस्कार केला आणि गेली. तिचं नाव विचारायचं सुचलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी देवळात आलेल्या फोंड्याकडच्या माणसांना तिच्याबद्दल विचारलं. चमकीवाल्या बायका पुष्कळ निघाल्या, ती निघाली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. मला तेव्हा जे हवं होतं ते तिच्याजवळ होतं आणि तिने ते दिलं.

घरी येताना आत्तीने वाटेतच यांना सांगितलं, "उद्या हिला बेळगावला घेऊन जा. पोरीला मी बघतो." आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, पुरुषासारखं. हे म्हणाले, "तुला पटलं?" ती म्हणाली, "देवीनं सांगितल्यावर माझ्या पटण्याचं काय हाय?"

बेळगावला डॉक्टरांनी मला ओळखलं, पण मी दारातून आत येताना त्यांची नजर माझ्यावर थबकली. सुजलेलं तोंड, घोगरा आवाज. मी गळ्याचं सांगताच ते उठून माझ्या मागे उभे राहिले, बोटांची टोकं हलकेच गळ्यावर ठेवली आणि पाणी प्यायला सांगितलं. मग मला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवलं आणि टाचेच्या वर छोट्या हातोडीने हळूच ठोकलं. पाऊल उडालं, पण परत खाली यायला त्याने आळशी माणसासारखा वेळ घेतला. त्यांनी दोनदा करून पाहिलं आणि आपल्या जागी जाऊन बसले.

"ताई, हे तुमचं जुनं दुखणं नाही," ते म्हणाले. "गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. अंगाची ऊब, उत्साह, आवाज, सगळं तिच्यावर चालतं. तुम्ही घेता त्या लिथियमने काही जणांची ही ग्रंथी सुस्तावते आणि फुगते. मीच तुम्हाला मधूनमधून बोलावून रक्त तपासायला हवं होतं."

"मग ती गोळी बंद करायची?" यांनी विचारलं.

"नाही. त्या गोळीने तुमचं घर सावरलं आहे. ती एकदम बंद केली तर जुना आजार उसळून येईल. ग्रंथी जे करत नाही, ते आपण दुसऱ्या एका गोळीने बाहेरून देऊ." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही मधे सोडल्या नाहीत ना?"

"सोडणार होते," मी म्हटलं. "देवीने सोडू दिल्या नाहीत."

डॉक्टर देवधर्म मानणारे वाटत नसत. त्यांच्या खोलीत एक कॅलेंडर सोडून काही नव्हतं. ते हसतील अशी माझी तयारी होती. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या देवीला माझा नमस्कार सांगा."

रक्त तपासणीसाठी मुंबईला पाठवावं लागायचं. निकाल आला तो डॉक्टरांनी सांगितल्यासारखाच होता, आणि नवी गोळी सुरू झाली. मोहरीपेक्षा थोडी मोठी, पांढरी, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. तिच्याकडे बघून माझा धीर सुटायचा, एवढीशी ही काय करणार. आणि सुरुवातीला तिने काही केलंही नाही. आठवडे गेले. पाऊस सुरू झाला, भाताची रोपं लागली, माझं घोंगडं सुटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू वाढवत न्यायची, घाई करायची नाही. मी रोज गोळी तळहातावर घेऊन देवीचं नाव घ्यायचे. माझ्याकडे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच माझ्या फायद्याचं झालं. आजवर मी एक तर देवीच्या नावाने धावत सुटले होते, नाहीतर तिला घाबरून आखडले होते. नुसतं वाट बघत बसणं मला त्या पावसाळ्याने शिकवलं.

मग एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि कपाळावरून काहीतरी ओघळलं. हाताने पुसलं तर घाम. आत्ती उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी तिला ओला हात दाखवला.

"घाम आलाय व्हय तुला?" सूप खाली ठेवून ती उठली, माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि पदराने पुसण्याऐवजी तसाच राहू दिला. त्या दिवशी घोंगडं धुऊन, वाळवून ट्रंकेत ठेवलं ते पुढच्या थंडीपर्यंत काढलं नाही. तोंडाची सूज उतरली. बसल्या जागी डोळा लागणं थांबलं. मंगळसूत्र परत पूर्वीच्या कडीला लागलं. माझी मुलगी शाळेतून येऊन मला गिरणीत उभी बघायची आणि दप्तरासकट येऊन चिकटायची. त्याआधी कित्येक महिने ती घरात शिरताना आधी डोकावून बघायची, आई झोपली आहे का म्हणून.

आवाज सगळ्यात शेवटी आला. चतुर्थी होऊन गेली होती. गिरण चालू होती आणि रस्त्यापलीकडे मुलगी मैत्रिणीशी खेळत होती. बेळगावकडून ट्रक येताना दिसला आणि मी दारातून तिला हाक मारली, "थांब गं तिथंच." काही विचार न करता मारलेली हाक. ती रस्त्यापलीकडे जशीच्या तशी पोचली. मुलगी थांबली, ट्रक निघून गेला, आणि मागे गिरण बंद झाल्याचं मला कळलं. यांनी खटका ओढला होता. दळणाच्या बायका, पोत्यावर बसलेला गडी, सगळे माझ्याकडे बघत होते.

"परत हाक मार," हे म्हणाले.

मी मारली. मुलगी रस्ता ओलांडून धावत आली आणि विचारू लागली, काय झालं, बाबा का रडतात. पीठ डोळ्यांत गेलं, असं सांगून ते तोंड धुवायला गेले.

दसऱ्याच्या आधी मी तपासणीसाठी बेळगावला गेले, या वेळी आत्तीही आली. डॉक्टरांनी सगळं बघितलं, रक्ताचा निकाल चांगला होता. निघताना मी मनात वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं त्यांना विचारलं. दसऱ्याला पालखीपुढे मला गायला बोलावलंय. आनंद फार झाला तर भीती वाटते. देवीसमोर जीव भरून येतो, तो माझा की आजाराचा, कसं ओळखायचं?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खूण सोपी आहे," ते म्हणाले. "आनंद झाल्यावर भूक लागते का, झोप येते का बघा. रात्री झोप लागत असेल तर दिवसा पोटभर गा. झोप गेली तर माझ्याकडे या." आत्तीने हे सगळं नीट ऐकून घेतलं.

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी पालखी बाजारातून निघाली. पुढे ढोल-ताशे, मागे अब्दागिरी, आणि पालखीच्या दांडीजवळ मी. गावातली, शिवाय धरणातून उठून आलेल्या वाड्यांमधली सगळी माणसं रस्त्याला होती. दोन्हीकडचे ट्रक थांबले होते, ड्रायव्हर खाली उतरून उभे होते. मानकऱ्याने खूण केली, ढोल थांबले. मी आईच्या मुखवट्याकडे पाहिलं आणि अभंगाचा पहिला सूर लावला. लगाम खेचला नाही. जेवढा होता तेवढा सगळा आवाज बाहेर येऊ दिला. तो बसस्टँडावरून, गिरणीवरून, थांबलेल्या गाड्यांवरून पार पुढच्या वळणापर्यंत गेला आणि मागून शेकडो माणसांनी ध्रुवपद उचललं. पाठीशी आत्तीचा चिरका आवाज मला वेगळा ऐकू येत होता. मी देवी झाले नव्हते. मी तिची गाणारी होते, पालखीपुढे चालणारी, घामाने भिजलेली एक बाई. त्यापेक्षा मोठं काही व्हायचं माझ्या मनातही आलं नाही. सोनं लुटून झालं, आपट्याची पानं हातोहात गेली, तरी लोक म्हणत होते, आणखी एक म्हण. आणि मी म्हणत होते.

घरी आले तेव्हा आनंद अंगात मावत नव्हता आणि डॉक्टरांनी सांगितलेली खूण आठवली. आत्तीने पान वाढलं. मी दोनदा भात मागून घेतला. मग मुलीजवळ अंथरुणावर पडले आणि पापण्या मिटल्या.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. आत्ती चहाचा पेला घेऊन माझ्या उशाशी बसली होती. कधीपासून बसली होती कोण जाणे.

"एकदा पण कूस बदलली न्हाईस," ती म्हणाली. "झोपलीस ना चांगली?"

"व्हय आत्ती," मी म्हटलं. कालचा आनंद जागच्या जागी होता. शांत, निवांत, कुठे जायची घाई नसलेला.

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दोन्ही गोळ्या चालू आहेत, वरचेवर रक्त तपासणं चालू आहे, गाणंही चालू आहे. सगळं फेकून देऊन देवापुढे आडवं पडणं म्हणजे शरण जाणं, असं मला वाटायचं. देवीने मला वेगळं शिकवलं. ती कधी पाकळीतून नाही म्हणते, कधी अनोळखी बाईच्या तोंडून बोलते, कधी देव्हारा नसलेल्या खोलीतल्या डॉक्टरच्या हाताने देते. जे येतं ते दोन्ही हातांनी घ्यावं आणि आपल्या वाट्याचं काम करावं, एवढंच आपल्याकडे असतं. दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी मी आत्तीचा चहा बाजूला ठेवायला लावला, कारण गोळी उपाशीपोटी घ्यायची होती. गोळी घेतली, देवीला हात जोडले, आणि दळणाला आलेल्या बायका दारात थांबल्या होत्या म्हणून गात गातच गिरण उघडायला गेले.